पंचफुलाच्या डोक्यावरची चुंबळ

मित्रांनो, मी एक जुनी चुंबळ आहे. हसलात ना? हसा. तुमच्यातल्या निम्म्यांना चुंबळ म्हणजे काय तेही ठाऊक नसेल. नळ फिरवला की तुमच्या घरात पाणी येतं, तुम्हाला कशाला लागतेय मी! बाईनं डोक्यावर घागर घेतली की घागरीचं बूड टाळूला रुततं, म्हणून मध्ये कापडाचं एक गोल वेटोळं ठेवतात. ते वेटोळं म्हणजे मी. वर घागर, खाली माणूस आणि मध्ये मी. घागरीला चिंच लावून घासतात, लग्नात रुखवतावर मांडतात. चुंबळ रुखवतावर मांडलेली ऐकलीय का कुणी? जाऊ द्या. मी रुसून बसले तर सांगायचं राहून जाईल.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. औशाजवळ एक लहानसं गाव आहे. त्या गावाबाहेरच्या बौद्धवाड्यात धुरपताबाई राहायची. तिनं आपलं लग्नातलं लुगडं फाडलं, त्याचा लाल काठाचा पदर काढला, पीळ घातला आणि मला वळलं. तिचा नवरा लिंबाजी दारात उभा राहून बघत होता.

"लगनातलं लुगडं फाडलंस की गं," तो म्हणाला.

"मग काय करू? पोरीच्या टाळूला फोड आलेत. अन् या सालात लुगडं नेसून कुठं मिरवायचंय मला?"

ती पोरगी म्हणजे पंचफुला. माझी पंचफुला. शाळेत जायची आणि पळायची. पळणं म्हणजे काय, पोरं शिवाशिवी खेळून दमायची तेव्हा हिला कुठं गरम व्हायला लागायचं. शेजारच्या गावाला निरोप द्यायचा असला की मोठी माणसं हिलाच पाठवायची. शाळेतले साहेबराव मास्तर एके दिवशी घरी आले. म्हणाले, "लिंबाजी, पोरीच्या पायात लई दम हाय. जिल्ह्याच्या शर्यतीला उस्मानाबादला नेतो तिला. माझी बायको संगं हाय, काळजी करू नको." तेव्हा लातूर जिल्हा नव्हता, आमचा सगळा मुलूख उस्मानाबादेत होता. लिंबाजी इतका खूश झाला की घरात होती नव्हती ती साखर चहात घालून मास्तरांना दिली.

आणि त्याच आठवड्यात बौद्धवाड्याची विहीर आटली.

गावच्या विहिरीला अजून पाणी होतं. पण ती गावाची. वाड्यातल्या बायांनी तिच्या काठावर चढायचं नाही, दोर सोडायचा नाही, खाली भांडी मांडायची आणि थांबायचं. वरच्या कुणाला दया आली की ती ओतणार. आमच्या लोकांनी धर्म बदलून पंधरा-सोळा वर्षं झाली होती, घरातले जुने देव कधीच गेले होते. विहिरीला मात्र ते कुणी कळवलं नव्हतं. धुरपताबाई आणि लिंबाजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मग दिवसभर भांड्याजवळ थांबणार कोण? पंचफुला. मास्तर पुन्हा एकदा येऊन गेले, तिसऱ्यांदा आले नाहीत. ते तरी काय करतील, शाळाच ओस पडली होती. अशी पंचफुलाची पहिली शर्यत पळायच्या आधीच गेली.

विहिरीवरचा पहिला दिवस मला अजून आठवतो. ऊन असं, की घागर बोटांना चटका देत होती. पंचफुलाला तहान लागली. काठावरच्या एका बाईनं नुकताच पोहरा वर काढला होता. पंचफुलानं पोहऱ्याला हात लावला, बस्स, एवढंच. त्या बाईनं तो भरलेला पोहरा मातीत रिकामा केला. बाटलं म्हणाली! लोक ओठ ओले करायला तरसत होते मित्रांनो, आणि ते पाणी मातीनं पिऊन टाकलं. संध्याकाळी धुरपताबाईला हे कळलं तेव्हा तिनं पंचफुलाच्याच मुस्काटात मारली. मग तिला जवळ घेऊन शिकवलं.

"ओंजळ कर. कोपरं वर धर. मान खाली. अन् थांब. मागायचं बी न्हाई. थांबलं की मिळतं. अन् मिळालेलं थेंबभर बी सांडायचं न्हाई, कळलं?"

पंचफुला हुशार पोर. दुसऱ्या दिवसापासून तिला शिकवावं लागलं नाही.

पुढची वर्षं भराभर सांगते. दुष्काळ सरला, शाळा पुन्हा सुरू झाली. पंचफुला शिकली आणि नांदेडला जाऊन नर्स झाली. तिथं वसतिगृहात नळ होता, म्हणून मी ट्रंकेच्या तळाला पडून होते. मग देविदासशी लग्न झालं. देविदास कचेरीत शिपाई, माणूस वाईट नव्हे, पण चार लोक काय म्हणतील हे त्याचं जुनं दुखणं. गौतमी झाली. पंचफुलाची नेमणूक औशाकडच्याच एका खेड्यात झाली आणि तिथं नळबिळ काही नसल्यामुळं मी ट्रंकेतून पुन्हा डोक्यावर आले.

तिचा दिवस काय विचारता! भल्या पहाटे पाणी. मग भाकरी. मग गौतमीचं आवरून तिला सासूच्या, सरजाबाईच्या, हवाली करायचं आणि निघायचं. ही वाडी, तो तांडा, ही वस्ती. खांद्याला पेटी, पायात झिजलेली चप्पल. कुणाचं बाळंतपण, कुणाला ताप, कुणाच्या लेकराला डोस. लोक सुई टोचून घ्यायला दंड पुढं करायचे, "सिस्टर, सिस्टर" करायचे. पण दोन-चार घरं अशी होती, की तिनं पाणी मागितलं तर तांब्या वरून धरायचे. पंचफुला पेटी खाली ठेवायची. ओंजळ करायची, प्यायची, पदरानं तोंड पुसायची आणि पुढच्या घरी जायची. नंतर नंतर तिनं बाहेर पाणी पिणंच सोडलं.

मग लातूरचा जिल्हा झाला. काय गुलाल, काय ताशे! आमच्या गावात तर न झालेल्या रस्त्यावरून मिरवणूक निघाली. पाऊस मात्र त्या सालीही रुसलेलाच होता आणि पाण्याची विहीर आणखी लांब गेली होती. थंडी सरत आली तेव्हा एक जीप कर्णा लावून फिरली. नव्या जिल्ह्याची पहिली लांब पल्ल्याची शर्यत, बायांसाठी वेगळी, वयाची अट नाही, जी पहिली येईल तिला पुण्याला राज्याच्या शर्यतीला नेणार. पंचफुला तेव्हा घागर घेऊन येत होती. ती रस्त्यातच उभी राहिली. माझ्यावर भरलेली घागर होती तरी मला कळलं, तिची टाळू तापली होती.

घरी तिनं विषय काढला तर देविदास भाकरी मोडता मोडता थांबला.

"आता? लेकराची माय झाल्यावर? लोक मला इचारतील, तुझी बायको कुणाच्या मागं पळून राहिली म्हून!"

"कुणाच्या मागं न्हाई. पुढं पळणार हाय," पंचफुला म्हणाली.

सरजाबाई खुदकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. देविदासही थोडा हसलाच. मग म्हणाला, "बरं. एक डाव पळ. पयला नंबर आला तर पुण्याला मी सोताहून घिऊन जातो, दरसाल पळ. पर न्हाई आला, तर पुन्यांदा नाव काढायचं न्हाई. घर अन् नोकरी. बोल."

"हाव," ती म्हणाली.

"आई समोर हाय बरं का."

"हाव म्हनलं ना!"

पंचफुलानं दिलेला शब्द कधी मोडला नव्हता, म्हणून मला त्या 'हाव'ची, त्या होकाराची, धास्ती वाटली. आता सगळं त्या एका शर्यतीवर आलं होतं.

सराव कुठं करायचा? पहिल्या दिवशी ती दोन गावांमधल्या रस्त्यावर पळाली, तर वाटेतली सगळी वस्ती मागं धावत सुटली. नर्स पळतेय म्हणजे कुणाचं तरी अडलंय! "कुणाला झालं ओ? कोण गेलं?" एक म्हातारी तर सून आठवून गळा काढून रडायलाच बसली. तिची समजूत घालण्यात पंचफुलाची दुपार गेली. मग तिनं रस्ता सोडला आणि विहिरीची वाट धरली. जाताना रिकामी घागर काखेत, मी मुठीत, आणि ही सुसाट. येताना भरलेली घागर डोक्यावर घेऊन झपाझप चाल. बाया म्हणायच्या, "सिस्टरला याड लागलंय, पाण्याला पळून राहिली!" म्हणा बापड्यांनो. तिची मान बघितली असती तर कळलं असतं. पळताना ही बाई मान हलवायची नाही, डोकं एका रेषेत. ते कुणामुळं? माझ्यामुळं! ही एक गोष्ट मी मिरवून घेणार, तुम्ही काही म्हणा. आणि मित्रांनो, खरं सांगते, त्या दिवसांत पंचफुला घरी आल्यावर गाणं गुणगुणायची. गौतमी आजीला विचारायची, "आईला काय झालंय?"

शर्यतीच्या दिवशी तिनं पहाटे पाणी भरलं, भाकरी थापल्या आणि मग माझा पीळ सोडला. मी घाबरलेच. पण तिनं मला लांब केलं, पदर कमरेला खोचून वर मला घट्ट बांधलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा डोक्यावरून कमरेला आले. देविदास, सरजाबाई, गौतमी, सगळी लातूरला आली होती. औशाच्या रस्त्यावरून सुरुवात, वळसा घालून मैदानात शेवट. शहरातल्या कॉलेजच्या पोरी आल्या होत्या, पांढरे बूट, रिबिनी. त्यांच्यात आमची ही अनवाणी, टाचांना भेगा, छातीवर नंबराचं फडकं टाचलेलं. उदगीरची एक काटक पोरगी तिला म्हणाली, "ताई, बूट नाहीत? पाय भाजतील." चांगली पोर होती. पंचफुला म्हणाली, "सवय हाय."

शर्यत सकाळी सुटायची होती. पण पाहुणे उशिरा आले. मग हार झाले, तुरे झाले, भाषणं झाली. पोरी उन्हात उभ्या. सूर्य वर आल्यावर कुठं शिट्टी वाजली. पंचफुलानं पहाटेपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं. बाहेर पाणी प्यायचं नाही, ही तिची सवय तुम्हाला सांगितलीच आहे.

काय पळाली म्हणून सांगू! सुरुवातीला सगळ्या बूटवाल्या पुढं. तिनं घाई केली नाही. मग एकेक पोरगी कडेला बसायला लागली, कुणाला कळ, कुणाला घेरी. ही मान ताठ ठेवून एकेकीला मागं टाकत गेली. वळशाला पुढं एकटी उदगीरची पोरगी उरली आणि थोड्या वेळानं तीही मागं पडली. पंचफुला पहिली होती! रस्त्याकडेचे लोक ओरडत होते, "अरं, लुगड्यातली बाई पुढं हाय!" तिचं पोट माझ्यावर आपटत होतं आणि मी मनात पुण्याची तयारी करत होते.

शेवटच्या वळणाच्या अलीकडे पाण्याचं टेबल होतं. लहानसा मांडव, टेबलावर भरून ठेवलेले स्टीलचे पेले, आणि मागं संगप्पा नावाचा एक म्हातारा. उन्हाळ्यात पाणपोई चालवायचा म्हणून त्याला इथं बसवलेलं. शहरातल्या पोरींना रीत माहीत होती. पळता पळता पेला उचलायचा, घोटभर प्यायचा, उरलेलं डोक्यावर ओतायचं, पेला फेकायचा आणि पुढं.

पंचफुलाचा घसा कोरडा ठाक पडला होता. डोळ्यांपुढं अंधारी येत होती. ती टेबलाजवळ आली, आणि मित्रांनो, ती थांबली. पाय जुळवले. कोपरं वर घेतली. मान खाली घातली. ओंजळ केली. आणि तशीच उभी राहिली.

"घे की माय. उचल," संगप्पा म्हणाला.

ती हलली नाही. पेले तिच्या हाताशी होते. कुणी अडवलं नव्हतं. कुणी 'लांब हो' म्हटलं नव्हतं. अगं उचल! उचल ना गं! मी कमरेला बांधलेली ओरडत होते, पण चुंबळीचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? तिचं अंग औशाजवळच्या त्या विहिरीपाशी उभं होतं आणि वाट बघत होतं.

संगप्पाला मग उमगलं. त्याचा चेहरा उतरला. त्यानं घाईनं पेला उचलला. आता तो तिच्या हातात देईल, असं मला वाटलं. पण त्यानं काय करावं? वरून धार धरली. त्याचेही हात तेच शिकलेले होते. आणि पंचफुला प्यायली. थेंब न सांडता, सावकाश, शेवटपर्यंत.

तेवढ्यात उदगीरची पोरगी आली. तिनं न थांबता पेला उचलला, घोट घेतला, उरलेलं पाणी भिरकावलं. ते पंचफुलाच्या भाजलेल्या पायांवर पडलं आणि मातीत जिरलं. पंचफुलानं त्या ओल्या मातीकडं पाहिलं, मग रिकाम्या ओंजळीकडं, मग टेबलावरच्या पेल्यांकडं. तेव्हा ती जागी झाली. नंतर ती अशी सुटली, की माझी गाठ सैल झाली. मैदानात शिरताना दोघींमध्ये हातभराचं अंतर राहिलं होतं. ते हातभर तसंच राहिलं. फीत त्या पोरीच्या छातीला लागली.

मग लोक बोलायला लागले. लोकांना काय, जीभ उचलून टाळ्याला लावायची. बाळंतपण झालेली बाई, दम कुठून आणणार? पुढं होती, पण पाण्यानं घात केला. देविदासनं गौतमीला कडेवर घेतलं आणि हळूच म्हणाला, "पाणी प्यायला थांबलीस व्हय? घरी काय पाणी न्हवतं?"

पंचफुलानं छातीवरचं नंबराचं फडकं काढलं. काय सांगणार? कुणी अडवलं असतं, हिसकावलं असतं, तर त्याचं नाव घेता आलं असतं. इथं कुणाचं नाव घ्यायचं? मी मात्र चिडले होते, अजूनही आहे. त्या विहिरीवर चिडलेय, त्या पोहरेवालीवर चिडलेय, आणि हे सगळं इतकं खोल मुरू देणाऱ्या सगळ्या शहाण्या माणसांवर चिडलेय.

संध्याकाळी सगळी घरी आली. पंचफुला भिंतीला टेकून पायांना तेल लावत होती. गौतमी खेळून आली आणि म्हणाली, "आजी, पाणी." आणि त्या चार वर्षांच्या लेकरानं आपल्याच घरातल्या माठासमोर ओंजळ केली. कोपरं वर. मान खाली. सरजाबाईनं तांब्या उचलून वरून धार धरली. हे रोजच होत असणार, पण पंचफुला त्या वेळी घरी नसायची.

तेलाचा हात तसाच घेऊन ती उठली.

"हे कुणी शिकवलं हिला?"

सरजाबाई दचकली. "मीच. का गं?"

"आपल्या घरात? आपल्या माठाला?"

"उंद्या कुणाच्या दारात गेली अन् भांड्याला हात लावला तर..." म्हातारीनं तांब्या खाली ठेवला. "मार बसू नये म्हून शिकवलं गं. मला बी मायनं असंच शिकवलं."

पंचफुला तिला टाकून बोलली नाही. तिनं पेला घेतला, माठात बुडवून भरला आणि गौतमीच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. "उचल. हातानं उचल. कुणाची बी वाट बघायची न्हाई." गौतमीनं आजीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि दोन्ही हातांनी पेला उचलला. सवय नव्हती, निम्मं पाणी फ्रॉकवर सांडलं. लेकरू भेदरलं. त्या घरात पाणी सांडलं की धपाटा ठरलेला.

"सांडू दे," पंचफुला म्हणाली आणि तिथंच जमिनीवर बसून मोठमोठ्यानं रडली. देविदास दारात उभा होता. तो बाहेर निघून गेला. त्याला कळलं की नाही, मला ठाऊक नाही. अट मात्र त्यानं मागं घेतली नाही आणि पंचफुलानंही तसं म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी जीप पुन्हा आली. पंचफुला तेव्हा एका लेकराला डोस पाजत होती. कर्ण्याचा आवाज आला तसा तिचा हात क्षणभर थांबला. मग म्हणाली, "फुडचं लेकरू आणा." त्यानंतर ती पुन्हा शर्यतीत पळाली नाही. पाण्यालाही चालतच जायची. गाणं तर मी पुन्हा ऐकलंच नाही.

कालांतरानं तिची बदली बिलोलीला झाली. तिथं घरात नळ आला आणि माझं काम संपलं. काही दिवस मी माठाखाली होते, मग खुंटीवर, आता खिडकीत धुळीत पडून आहे. लाल काठ विटून गेला. पण इथून स्वयंपाकघर दिसतं. पंचफुला आता पेल्यानंच पाणी पिते. पण पेला तोंडाला लावला की तिचा दुसरा हात आपोआप हनुवटीखाली येतो, ओंजळीसारखा. गौतमी म्हणते, "आई, सांडत नाहीये गं." मग ती हात खाली घेते. पुढच्या घोटाला तो पुन्हा वर येतो.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. माझा पीळ सोडा, मला चुलीत घाला, माझी तक्रार नाही. पण तुमच्या दारात कुणी तहानलेलं आलं, तर भांडं त्याच्या हातात द्या. 'थांबलं की मिळतं,' असं धुरपताबाई म्हणायची. माझी पंचफुला थांबली आणि तिला फक्त पाणी मिळालं. तेव्हा कुणाला असं थांबायला लावू नका रे.